शुक्रवारची उसळ

उपदेश करणे हा आमचा व्यवसाय आहे, असे म्हटले तर कुणी रागावू नये. गेली पंचवीसहून अधिक वर्षे आम्ही वेदीशेजारी उभे राहून बोलत आहोत आणि समोरची माणसे निमूटपणे ऐकत आहेत. ऐकणाऱ्याने मध्येच हात वर करून प्रश्न विचारावा, अशी सोय पवित्र मिस्साविधीत नाही. ही गोष्ट आम्हां धर्मगुरूंच्या दृष्टीने किती उपकारक आहे, याचा साक्षात्कार आम्हांला मागील उपवासकाळात झाला.

घडले ते असे. वसईतील आमच्या धर्मग्रामात महाविद्यालयीन मुलामुलींसाठी एक दिवसाचे शिबिर ठेवले होते. 'आपले ताट आणि आपली धरित्री' हा विषय आम्हीच निवडला होता. आठवडाभर पुस्तके चाळून, आकडे उतरवून घेऊन आम्ही तासभर बोललो. मांसाहार कमी करावा, त्यात शरीराचे हित आहे, पृथ्वीचे हित आहे आणि आत्म्याचे तर आहेच, असा एकंदर सूर होता. टाळ्याही पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात आम्ही विचारले, "कुणाला काही विचारायचे आहे?"

मागच्या रांगेतून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा उठला. लहानपणी तो आमच्याबरोबर वेदीसेवक म्हणून उभा राहत असे, त्यामुळे भीड अशी त्याला नव्हतीच. तो म्हणाला, "फादर, रागावणार नसाल तर बोलतो. जानेवारीत सणाच्या जेवणाला तुम्ही आमच्याच टेबलावर होता. सोरपोटेल तुम्ही तीनदा घेतलंत."

सभागृह हसले. आम्हीही हसलो, कारण दुसरा मार्ग नव्हता. परंतु त्या मुलाला अर्धीच कथा ठाऊक होती. उरलेली अर्धी अशी की, त्या जेवणानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे आमच्या उजव्या पायाचा अंगठा टोमॅटोसारखा लाल झाला आणि पायावर चादरीचे टोक पडले तरी ओरडावे असे वाटू लागले. डॉक्टरांनी रक्त तपासले. युरिक आम्ल वाढलेले होते. तांबडे मांस, काळीज, कोळंबी आणि सणासुदीचा पेला यांची यादी त्यांनी आमच्यासमोर धरली व म्हणाले, "फादर, हा गाऊट. गोळ्या देतो, पण ताट तुम्हांलाच बदलावं लागेल." म्हणजे ज्या संयमाचा आम्ही व्यासपीठावरून इतक्या उदात्तपणे पुरस्कार करीत होतो, त्याचा उगम आमच्या अंगठ्यात होता! हे आम्ही मुलांपुढे कबूल केले. मुले खूश झाली आणि आता शिबिर हसतखेळत संपेल, असे आम्हांला वाटले.

तेवढ्यात एक मुलगी उठली. ती मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेते. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "फादर, मागच्या वर्षी मी आणि माझी मैत्रीण उपनगरात भाड्याने खोली शोधत होतो. चार ठिकाणी आमची आडनावं ऐकल्यावर पहिला प्रश्न एकच आला, 'नॉनव्हेज खाता का?' हो म्हटलं की खोली दुसऱ्या कुणाला दिलेली असायची. वर्गात मी डबा उघडला की एक मुलगी नाकाला रुमाल लावून उठते. आम्ही काय खावं हे बाहेर सगळे सांगतातच. आता देवळातही तेच ऐकायचं का?"

या प्रश्नावर कुणी हसले नाही. आमच्याजवळ आकडे होते, शास्त्रवचने होती, उत्तर नव्हते. "विचार करून सांगतो, बाळ," एवढेच आम्ही म्हणालो.

त्या रात्री झोप आली नाही. मुलीचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या देशात अन्न हे नुसते अन्न राहिलेले नाही. त्यावरून माणसाची जात, धर्म आणि पायरी ओळखली जाते. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळून ती बैल व वळू यांनाही लागू झाली. त्या वेळी आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत, ज्या घरांत ते मांस वर्षानुवर्षे शिजले नव्हते तिथेही, 'आमच्या ताटात डोकावणारे हे कोण?' असा प्रश्न उमटला होता. अशा वेळी धर्मगुरूने 'मांस कमी खा' म्हणून सांगावे, तर ऐकणाऱ्याला त्यात त्याच डोकावणाऱ्यांचा सूर ऐकू येणे स्वाभाविक आहे.

मग आम्ही बोलूच नये काय? या प्रश्नाशी आम्ही बराच वेळ झगडलो. आणि मग आमच्या डोळ्यांपुढे आमच्या आईचे स्वयंपाकघर उभे राहिले.

तो १९७० च्या दशकाचा काळ. घरात लहानमोठी अकरा माणसे. रविवारी पहिली मिस्सा झाली की वडील खाटकाकडून किलोभर मटण आणीत. अकरा तोंडे आणि एक किलो, त्यातही हाडे! आई त्यात बटाटे सोडी, वाटण सढळ हाताने घाली आणि रस्सा वाढत वाढत सगळ्यांना पुरवी. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन फोडी येत. पण त्या रश्श्याचा वास शनिवारपासूनच आमच्या नाकात घमघमत असे. कोंबडी कापली जाई ती पाहुणा आला म्हणून किंवा कुणी आजारातून उठले म्हणून. डुक्कर लग्नासाठी पोसले जाई. बाकी आठवडाभर भात, ओली-सुकी मासळी, वाल, चवळी, मूग आणि वाडीतला माठ, शिराळी, दुधी, केळफूल. शुक्रवारी उसळ ठरलेली. या सगळ्याला आम्ही कुणी शाकाहार म्हणत नव्हतो. मांस हा तेव्हा आमच्या घरी सणाचा पाहुणा होता. आज तो घरजावई होऊन बसला आहे.

आमच्या पाकशास्त्रातच हे शहाणपण मुरलेले होते. आगाशीच्या भुजिंगाचे उदाहरण घ्या. निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीचे तुकडे आणि त्यांच्याबरोबर पोहे, बटाटे, मसाला. कोंबडी चवीपुरती आणि पोट भरते पोह्यांनी. असे पदार्थ ज्यांनी घडविले ते लोक मांसाचा तिरस्कार करणारे नव्हते. मांसाची किंमत जाणणारे होते. आता कोपऱ्याकोपऱ्यावर चिकनचे दुकान आहे. खुराड्यातली कोंबडी सुमारे सहा आठवड्यांत विक्रीला तयार होते. फोनवर बोट ठेवले की अर्ध्या तासात डबा दारात येतो. नगेट्स, सॉसेज, शोरमा यांनी आमच्या मुलांची दुपार आणि संध्याकाळ व्यापली आहे. सोमवारी आणि रविवारी तेच ताट असेल तर रविवार कशाने ओळखावा?

येथेच आम्हांला त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर सापडू लागले. सोवळे आणि संयम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सोवळ्याची नजर शेजाऱ्याच्या ताटावर असते, तर संयमाची आपल्या स्वतःच्या ताटावर. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राला जो दृष्टान्त झाला त्यानंतर ख्रिस्ती माणसाला कोणतेही अन्न विटाळाचे उरले नाही, आणि अन्नावरून कोणताही माणूस विटाळाचा ठरत नाही. ही आमच्या श्रद्धेची पायरी आहे. तिच्यावरून आम्ही खाली उतरणार नाही. परंतु जे सगळे खाण्याची मुभा आहे ते सगळे, रोज, पोटाला तड लागेपर्यंत खाल्ले पाहिजे, असे मात्र पेत्राला कुणी सांगितले नव्हते. मुभा असणाऱ्यानेच स्वखुशीने हात आखडता घ्यावा, यात संयमाचे मोल आहे.

आता शरीर आणि धरित्री यांच्या बाजूने थोडे बोलले पाहिजे, कारण आकड्यांना मुले मान देतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार माणसामुळे वातावरणात जाणाऱ्या उष्णताधारक वायूंपैकी सुमारे १४.५ टक्के वायू पशुपालनातून येतात. गाय, म्हैस, बकरी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटात चारा पचताना मिथेन निर्माण होतो, आणि उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी जबर असतो. पाण्याचे पाहा. चाऱ्याला लागणारे पावसाचे पाणीही धरले तर जागतिक सरासरीने एक किलो गोमांसामागे सुमारे १५,४०० लिटर, बकरी-मेंढीच्या मांसामागे ८,८०० लिटर, कोंबडीमागे ४,३०० लिटर पाणी खर्ची पडते. भाज्यांना किलोमागे साधारण ३२० लिटर पुरते. डाळीला किलोमागे सुमारे ४,००० लिटर पाणी लागते, हे लपवून चालणार नाही. परंतु प्रथिनांच्या प्रत्येक ग्रॅममागे हिशेब केला तर डाळीला १९ लिटर, कोंबडीला ३४ लिटर आणि गोमांसाला ११२ लिटर असे प्रमाण पडते. शिवाय डाळीचे पीक आपल्या मुळांच्या गाठींत हवेतला नत्र साठवून जमिनीला परत देते.

आम्हां वसईकरांना पाण्याची भाषा निराळी समजवावी लागत नाही. हरित वसईच्या चळवळीचे दिवस आम्ही विद्यार्थिदशेत पाहिले. बुजलेली बावखले आणि मचूळ झालेल्या विहिरी तर आजही पाहत आहोत. ज्यांनी पाण्यासाठी मोर्चे काढले त्यांच्या मुलांनी ताटातल्या पाण्याचाही हिशेब करावा, एवढेच आमचे म्हणणे.

मात्र एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. भारतातील माणूस युरोप-अमेरिकेतल्या माणसापेक्षा कितीतरी कमी मांस खातो. आमच्या पूर्वपट्टीतील आदिवासी कुटुंबाच्या भातावरचे चिमूटभर सुकट किंवा मजुराच्या घरचे आठवड्याचे एक अंडे यांच्याकडे बोट दाखवून पृथ्वी वाचणार नाही. हा लेख त्यांच्यासाठी नाही. ज्यांच्या ताटात निवड करण्याइतके पदार्थ आहेत, त्यांच्यासाठी, म्हणजे तुमच्या-आमच्यासाठी, तो आहे.

आरोग्याच्या बाबतीत आमची शिकवणी घेतली ती धर्मग्रामातल्याच एका मुलीने. ती गृहविज्ञान शाखेत आहारशास्त्र शिकते. शिबिरानंतर ती आमच्या कार्यालयात आली आणि अत्यंत अदबीने तिने आमच्या भाषणातल्या चुका काढल्या. "फादर, नुसतं 'मांस सोडा' म्हणू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ च्या, आपल्या देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी सत्तावन्न टक्के रक्तक्षयी निघाल्या आहेत. मुलींनी मटण सोडलं आणि जागी काहीच घेतलं नाही तर त्या आजारी पडतील." मग तिने आम्हांला समजावले. कडधान्ये आणि पालेभाज्या यांतले लोह शरीरात सहज मुरत नाही. त्यावर लिंबू पिळले तर अधिक मुरते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. ब-१२ जीवनसत्त्व निसर्गतः प्राणिजन्य अन्नातच मिळते, म्हणून दूध, दही किंवा अंडे ताटात हवे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. "आपल्या मुलांच्या ताटात मांस जास्त आहे हा अर्धा रोग झाला, भाजी नाही हा उरलेला," असे तिने निदान केले.

तिच्याकडूनच कळले की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये सॉसेज, हॅम, बेकन यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. तांबडे मांस 'बहुधा कर्करोगकारक' या गटात आहे. कोंबड्यांची वाढ लवकर व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची प्रथा तर अशी की, माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन हे औषधही त्यात सापडू लागले. २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली.

सर्व ऐकून आम्ही तिला विचारले, "मग मुलांना सांगायचे तरी कसे?" ती हसून म्हणाली, "सांगू नका, फादर. करून बघूया."

त्या शब्दांनी आम्हांला दानिएलची आठवण झाली. बायबलमधील या पुस्तकाचा पहिला अध्याय म्हणजे एका वसतिगृहाचीच गोष्ट आहे. परक्या राजाच्या दरबारी तीन वर्षांच्या शिक्षणासाठी निवडलेले चार तरुण. राजाच्या पंक्तीचे अन्न आणि मद्य त्यांना मिळणार होते. दानिएलाने ते नाकारले, पण आरडाओरड केली नाही. त्याने कारभाऱ्याला विनंती केली की दहा दिवस आम्हांला शाकभाजी आणि पाणी द्या, मग आमची तोंडे पाहून ठरवा. दानिएलचे कारण आपल्या धर्मनियमाचे होते, आरोग्याचे नव्हते. ते आपण त्याच्या तोंडी घालू नये. परंतु त्याची रीत मात्र शिकण्यासारखी आहे. त्याने दहा दिवसांची मुदत मागितली, परीक्षा स्वतःवर घेतली आणि इतर विद्यार्थ्यांच्या ताटाबद्दल एक अक्षरही काढले नाही.

आम्ही मुलांना पुन्हा बोलावले आणि दहा दिवसांचा प्रस्ताव मांडला. खोलीचा प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, "उपवासकाळात सगळेच करतात, फादर. ईस्टर होऊ द्या. जूनमध्ये कॉलेजं सुरू झाली की करून दाखवा." तिचे म्हणणे मान्य झाले. नियम मुलांनीच केले. मांस फक्त रविवारी. डबाबंद आणि गोठवलेले मांस मुळीच नाही. कुणी कुणाच्या डब्याबद्दल बोलायचे नाही. आणि ज्याच्याकडून मोडेल त्याने त्यासाठी आमच्याकडे कबुलीला यायचे नाही! अकरा मुले तयार झाली. बारावे आम्ही.

सत्य सांगायचे तर सुरुवात काही दानिएलसारखी झाली नाही. तिसऱ्याच दिवशी वसतिगृहात राहणारा एक जण गळाला. मेसच्या डाळीत डाळ शोधावी लागे, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्याने पाच दिवस केवळ वडापाव आणि सामोसे यांवर काढले आणि मांस न खाताही पोट कसे बिघडवता येते, हे सिद्ध केले. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलाला दंड बारीक होतील अशी धास्ती. त्याला आमच्या आहारतज्ज्ञ मुलीने कागदावर लिहून दिले की शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात, तेवढ्याच शेंगदाण्यांत सुमारे २५, एका अंड्यात सहा. आणि भातात जे कमी पडते ते डाळ भरून काढते, म्हणून दोन्ही एकत्र खायचे. एका आईने तर आम्हांला देवळाच्या दारातच गाठले. "फादर, परीक्षेचं वर्ष आहे पोराचं. तुमच्या नादाने अशक्त झाला तर?" त्या माउलीची समजूत घालता घालता आमचीच दमछाक झाली.

पाचव्या दिवशी एका मुलाच्या आजीने आम्हां सर्वांना वाचविले. त्या म्हणाल्या, "पोरांना नुसतं पाण्यातलं कडधान्य दिलंत तर ती कशी टिकतील? मसाला माझा, हात तुमचे." सभागृहाच्या मागच्या शेगडीवर मोठे पातेले चढले. फणसाचा मोसम संपत आला होता. त्यांनी कुठून तरी कच्चा फणस मिळविला आणि डुकराच्या मांसाला जो मसाला लावतात तोच, सिरका घालून, फणसाला लावला. सोबत वालाची उसळ आणि तांदळाच्या भाकऱ्या. अभियांत्रिकीच्या त्या विद्यार्थ्याने फणस तीनदा घेतला. या वेळी मोजणारे आम्ही होतो.

त्या संध्याकाळी आमच्या ध्यानात आले की आम्ही तासभर भाषण देऊन जे साधले नाही ते त्या आजीबाईंनी एका पातेल्याने साधले. पुढे वाचनात आले की केंब्रिज विद्यापीठाच्या उपाहारगृहांत असाच अनुभव आला होता. तिथे शाकाहारी पदार्थांचे प्रमाण चारांत एक होते, ते चारांत दोन केले. कुणाला काही सांगितले नाही, कशावर बंदी घातली नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शाकाहारी जेवणांचा वाटा सुमारे ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. तरुण माणसाला उपदेशापेक्षा चांगला पर्याय समोर ठेवलेला अधिक पटतो, एवढाच याचा अर्थ.

आणि पर्याय तर आमच्या परंपरेत होताच. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियम आम्ही लहानपणी न विचारता पाळला. पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये प्रायश्चित्ताचे नियम सौम्य केले. १९८३ च्या धर्मसभा-कायद्यातही शुक्रवार कायम राहिला, परंतु अनेक देशांत त्याऐवजी दुसरे प्रायश्चित्त करण्याची मोकळीक मिळाली आणि हळूहळू तो विस्मरणात गेला. इंग्लंड व वेल्सच्या बिशपांनी सप्टेंबर २०११ पासून शुक्रवारचा नियम पुन्हा सुरू केला. सुमारे चौथा हिस्सा कॅथलिकांनीच आपले शुक्रवारचे जेवण बदलले, आणि त्यांतले बरेचसे पूर्णपणे नव्हे, केवळ थोडेसे. तरीही त्यातून वर्षाला ५५,००० टनांहून अधिक कार्बन वायू वाचतो, असा हिशेब केंब्रिजच्याच संशोधकांनी २०२२ मध्ये मांडला. त्या बिशपांच्या मनात हवामानाचा विचारही नव्हता. आठवड्यातला एक दिवस, थोड्या माणसांचा थोडा संयम, एवढेच त्यामागे होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात मांस खाऊ नका असे कुठेही सांगितले नाही. थोडक्यात आनंद मानण्याची कला मात्र आपल्याला शिकविली. शुक्रवार हा त्या कलेचा पहिला धडा आहे.

दहा दिवस संपले तेव्हा अकरांपैकी आठ जण टिकले होते. त्यांतले सहा जण आजही मांस रविवारपुरते किंवा फार तर दोन दिवसांपुरते ठेवतात. दोघांनी पूर्ववत सुरू केले. ते पूर्वीइतकेच आमचे लाडके आहेत. आमचे युरिक आम्ल खाली आले, अर्थात त्यात गोळीचाही वाटा आहे. धर्मग्रामाच्या सणाचे जेवण ठरविण्यासाठी जी बैठक झाली तीत आम्ही मांसाचे पदार्थ चारांऐवजी दोन करावेत, असे सुचविले. तेव्हा एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "लोक काय म्हणतील, फादर? ख्रिस्ती माणसाच्या पंगतीत डाळ?" आम्ही त्यांना त्यांच्याच आईच्या रविवारच्या रश्श्यातल्या बटाट्यांची आठवण करून दिली. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "ते बटाटेच खरे चवदार असायचे." पदार्थ दोनच ठरले. फणसाचा मोसम नव्हता म्हणून कच्ची केळी घेतली.

राहिली ती मुलगी. परवा सुटीत ती भेटायला आली होती. तिने पुन्हा खोली बदलली. आम्ही विचारले, "या वेळी कसे झाले?" ती म्हणाली, "पहिल्या बाईंनी नेहमीचाच प्रश्न विचारला. मी सांगितलं, 'रविवारी खाते.' त्यांनी खोली दिली नाही. पण मला पहिल्यासारखा राग आला नाही, फादर. मी काय खायचं ते त्यांच्यामुळे ठरलेलं नव्हतं, आणि त्यांना चिडवण्यासाठीही ठरलेलं नव्हतं. दुसरीकडे मिळाली खोली." मग जाता जाता दारात थांबून तिने विचारले, "आज शुक्रवार आहे. तुमच्याकडे काय केलंय?"

आम्ही झाकण उघडून दाखविले. चवळीची उसळ होती. तिने एक ताट मागून घेतले.

वाचकहो, तुमच्या घरी महाविद्यालयात जाणारी मुले असतील तर त्यांना हा लेख वाचून दाखवू नका. येत्या शुक्रवारी चांगली उसळ करा, वर लिंबू पिळा, आणि त्यांच्याबरोबर जेवायला बसा.